नेव्हिलला थंडी वाजते

कुत्र्याला कोट घालावा की नाही, या विषयावरचं माझं मत मी एकदाच आणि अगदी स्पष्टपणे मांडलं होतं. दुर्दैवाने ते क्लबात मांडलं, आणि तेही शुक्रवारी संध्याकाळी, जेव्हा अर्धं मरिंगाल गाव तिथे जेवायला असतं.

"कुत्र्याला देवाने केस दिलेत," मी म्हणालो होतो. "आज कुत्र्याला कोट घालणारा माणूस उद्या कोंबडीला पायमोजे घालील!"

लोक हसले. कुणीतरी टेबल वाजवलं. भूगोलाच्या शिक्षकाच्या बोलण्यावर माणसं हसल्याचे प्रसंग त्याच्या आयुष्यात फार नसतात. त्यामुळे मला राहवेना. मी तेच वाक्य टेबलाटेबलावर जाऊन आणखी तीनदा म्हटलं. चौथ्या टेबलावर हसू जरा कमी आलं, पण ऐकलं सगळ्यांनी. हे 'ऐकलं सगळ्यांनी' पुढे मला फार जड गेलं.

कारण पुढच्याच आठवड्यात माझी बायको ग्लेनिस घरी ग्रेहाउंड जातीचा कुत्रा घेऊन आली.

त्याचं नाव नेव्हिल. शर्यतीतून निवृत्त. मी एकोणसाठ वर्षांचा असून मला अजून निवृत्त होऊ देत नाहीत आणि हे महाशय चौथ्या वर्षीच मोकळे! बरं, कामगिरी पाहावी तर अकरा शर्यती. नऊ शर्यतींत शेवटचा नंबर, दहावीत मध्येच थांबून प्रेक्षकांकडे पाहत उभा राहिला, आणि अकरावीत पूर्ण पळाला, पण उलट्या दिशेने. अंगाने सडपातळ, रंगाने राखाडी. पाठीवर केस आहेत असं कागदोपत्री म्हणता येईल. पोटाकडे तर तेवढाही पुरावा नव्हता.

"सहा आठवडे बघायला दिलाय," ग्लेनिस म्हणाली. "मग निवृत्त ग्रेहाउंडना घरं शोधून देणाऱ्या मित्रमंडळाच्या बेरिल ऑस्ट्रँडर येऊन घर बघतील, त्याची काळजी नीट घेतली का ते बघतील. पसंत पडलं तर आपला, नाही तर परत नेतील."

"सहाच आठवडे ना?" मी वर्तमानपत्राआडून म्हणालो. "मग ठीक आहे."

नेव्हिल आला, माझ्या खुर्चीपाशी थांबला आणि माझ्या गुडघ्याला रेलून उभा राहिला. ग्रेहाउंड असेच रेलतात म्हणे. मी गुडघा काढून घेतला तसा तो पडला.

जून उजाडला, म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात हिवाळा, आणि पहिलं दंव गोठलं. सकाळी साडेसातला मी नेव्हिलला घेऊन फाटकाबाहेर पडलो. त्याने पांढऱ्या पडलेल्या गवतावर एक पंजा ठेवला, उचलला, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि तिथेच थांबला. म्हणजे थांबला ते थांबलाच. मग मागच्या मांड्यांपासून त्याला थरथर सुटली आणि ती हळूहळू कानांपर्यंत पोचली.

मी ओढून पाहिलं. मागून ढकलून पाहिलं. शेवटी समजावून सांगितलं, की आपलं गाव समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे हे लक्षात घेता आजचं तापमान सरासरीच्या जवळपासच आहे. माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलापेक्षा त्याने जास्त लक्ष देऊन ऐकलं. पण हलला नाही.

कुंपणापलीकडून मिसेस कोस्टोग्लू डोकावल्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मूळच्या ग्रीक, आणि मला अजूनही 'बाळा' म्हणणाऱ्या जगातल्या एकमेव बाई.

"बाळा, त्याला थंडी वाजतेय."

"छे हो. विचार करतोय तो."

"अरे, दात वाजतायत त्याचे!"

रस्त्याच्या पलीकडून क्लॅरी हेस्केथचा आवाज आला. क्लॅरीने सारा जन्म मेंढ्या भादरण्यात घालवला. आता ऐंशीचा आहे आणि दिवसभर फाटकावर कोपर टेकून गाव चालवतो. "काय मास्तर, पुतळा बसवलास वाटतं? अनावरण कधी?"

"क्लॅरी, तूच सांग, कुत्र्याला कोट लागतो का?"

"चोचले! ही आमची मिज बघ. हिचेही केस आखूडच. हिने कधी कोट मागितला?"

मिज ही त्याची केल्पी, मेंढ्या राखणाऱ्या जातीची. ती त्या वेळी मेंढ्या नसल्यामुळे क्लॅरीच्या मोटारीला राखत होती, म्हणजे तिच्याभोवती विसावी फेरी मारत होती. तिच्या अंगातून वाफा निघत होत्या.

नेव्हिलच्या अंगातून काहीच निघत नव्हतं. दहा मिनिटांनी मी तो तीस किलोचा ऐवज दोन्ही हातांत उचलून घराकडे निघालो. गाव कामाला जायची नेमकी तीच वेळ. एका मोटारीने हॉर्न वाजवला, काच खाली झाली आणि कुणीतरी ओरडलं, "मास्तर, कोंबडी कशी आहे?"

मी मागे वळून पाहिलं नाही. पाहता येतही नव्हतं, नेव्हिलची मान मध्ये होती.

जनावरांच्या डॉक्टर फाम यांच्याकडे मी गेलो तो केवळ माझ्या मताला शास्त्रीय आधार मिळावा म्हणून. त्यांनी नेव्हिलची कातडी चिमटीत धरली.

"इथे चरबी सापडते का बघा."

"नाही."

"केस?"

"आहेत."

"मोजा," डॉक्टर म्हणाल्या.

मग त्यांनी मला समजावलं, मी मुलांना पर्जन्यछाया समजावतो तितक्याच सोशिकपणे. आखूड केसांच्या प्रत्येक कुत्र्याला कोट लागतोच असं नाही. क्लॅरीच्या मिजला खाली दाट लव आहे आणि ती सारखी पळते. लॅब्राडोरला घातला तर तो उकडून निघेल. पण ज्याच्या अंगावर ना चरबी ना लव, जो पंजा उचलून धरतो, पाठीची कमान करतो, कुडकुडतो, त्याला घालायचा. "कुत्र्याकडे बघायचं. यात तत्त्वज्ञान काही नाही."

"पण डॉक्टर, निसर्गाने—"

"तुम्ही जाकीट का घातलंय, मिस्टर ट्रेलोर?"

मी खाली पाहिलं. जाकीट होतं. त्याखाली स्वेटर होता. त्याखाली जे होतं ते त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांना माहीत असावं असं मला वाटलं.

घरी ग्लेनिसने मित्रमंडळाचा छापील अर्ज माझ्यापुढे ठेवला. त्यात कलम चौदा होतं. 'हिवाळ्यात फिरवताना घालण्यासाठी योग्य मापाचा कोट आहे काय?' पुढे दोन चौकोन, होय आणि नाही. तिसरा, 'तत्त्वतः मतभेद' असा चौकोन नव्हता.

"डोरीनच्या दुकानात मिळतात," ग्लेनिस म्हणाली. "मी आणते."

"तू राहू दे. मी बघतो."

डोरीनचा नवरा त्या शुक्रवारी दुसऱ्या टेबलावर बसला होता. तेव्हा मी कोट परस्पर, फोनवरच्या एका ऑनलाइन दुकानातून मागवला. मानेपासून शेपटीपर्यंतचं माप द्या असं तिथे लिहिलं होतं. मी दिलं. आता, शेपटीपर्यंत म्हणजे शेपटीच्या सुरुवातीपर्यंत की शेवटापर्यंत, हे त्यांनी स्पष्ट करायला नको का? द्वीपकल्पाची लांबी आपण टोकापर्यंतच मोजतो. मी टोकापर्यंत मोजलं, आणि ग्रेहाउंडची शेपटी हे काही लहानसहान द्वीपकल्प नव्हे.

आला तो कोट एखाद्या वासराला सैल झाला असता. नेव्हिलला घातला तर तो आतल्या आत वळला आणि त्याचं तोंड शेपटीकडच्या बाजूने बाहेर आलं. ग्लेनिस उठून स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ भांडी पुसल्याचा आवाज आला नाही, दुसराच आला.

कोट परत पाठवायला मी पोस्टाच्या खिडकीशी गेलो. खिडकीवर इव्हेट क्रिमिन्स होती. माझ्यामागे रांगेत सात माणसं, त्यांत आमचे मुख्याध्यापक.

"परत का पाठवायचंय?" इव्हेटने विचारलं.

"मोठा होतोय," मी कुजबुजलो.

"काय मोठं होतंय?"

"आतला... कोट."

"तुम्हाला?"

तीस वर्षं मी मुलांना खरं बोलायला शिकवलं आहे. मी म्हणालो, "हो."

इव्हेट प्रामाणिक कर्मचारी. आतली वस्तू आणि अर्ज जुळतात का हे बघणं तिचं काम. तिने पाकिटावरची चिठ्ठी डोळ्यांजवळ धरली आणि स्वच्छ आवाजात वाचली, "'तपकिरी. पोटाखालून आवळायचा पट्टा. मागे शेपटीसाठी जागा.'"

मग मुख्याध्यापक हळूच म्हणाले, "अल्विन, तुला काही त्रास असेल तर माझ्याशी बोल हं."

त्या दुपारपर्यंत सगळ्या गावाला कळलं. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून मिसेस कोस्टोग्लू यांनी विणून द्यायची तयारी दाखवली तेव्हा मी हो म्हणालो. दोन दिवसांत त्यांनी कोट आणून दिला. ऊबदार, जाड, टाके एकसारखे. फक्त घरात जावयाच्या स्वेटरची लोकर उरली होती ती त्यांनी वापरली होती. जावई शेजारच्या क्रॉफ्टन गावचा. रंग त्यांच्या संघाचा, जांभळा आणि पिवळा.

ज्यांना क्रॉफ्टन आणि मरिंगाल यांच्यातले फुटबॉलचे संबंध माहीत नाहीत त्यांना एवढंच सांगतो, की आमच्याकडे एक लग्न यावरून मोडलेलं आहे. त्या शनिवारी दोन्ही संघांचा सामना होता. मी नेव्हिलला घेऊन मुख्य रस्त्याने निघालो. क्रॉफ्टनहून येणारी प्रत्येक मोटार आम्हाला हॉर्न वाजवून सलाम करत होती. आमच्या खाटकाने नेव्हिलसाठी हाड काढलं होतं, त्याने नेव्हिलकडे पाहिलं आणि हाड पुन्हा आत ठेवलं.

त्यात गवतावर दंव. लोकर भिजली, आणि भिजली की ताणते. तळ्यापाशी पोचेपर्यंत तो कोट नवरीच्या झग्यासारखा मागे लोळायला लागला. नेव्हिलने स्वतःच्याच पदरावर मागचा पाय दिला आणि पुढच्या बाजूने अलगद बाहेर पडला. त्याने मागे वळून त्या जांभळ्या-पिवळ्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि कुडकुडायला सुरुवात केली. मी त्याला उचललं. एव्हाना मला सवय झाली होती. त्यालाही. उचलल्यावर तो हनुवटी माझ्या खांद्यावर टाकायचा.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मी संध्याकाळी मुलांचे पेपर तपासायचो तेव्हा नेव्हिल येऊन माझ्या पावलांवर मान टाकायचा. हळूहळू मी त्याला उत्तरं वाचून दाखवायला लागलो. कुणी नाईल नदी ब्राझीलमध्ये नेली की मी म्हणायचो, "ऐकलंस का, नेव्हिल?" आणि तो उसासा टाकायचा. नेमका तिथेच टाकायचा. तीस वर्षांत स्टाफरूममध्ये मला इतकी चांगली सोबत मिळाली नव्हती.

सहाव्या आठवड्यातल्या गुरुवारी ग्लेनिस म्हणाली, "शनिवारी बेरिल येणार. कोट नसेल तर मी खोटं लिहिणार नाही, अल्विन. नेतील त्याला."

माझं नेहमीचं 'सहाच आठवडे ना' काही बाहेर पडेना.

शुक्रवारी शाळेतून आलो तर क्लॅरी आमच्या पायरीवर बसलेला. काखेत काहीतरी गुंडाळी. क्लॅरी रस्ता ओलांडून आमच्याकडे आल्याचं मला आठवत नाही. तो फाटकावरूनच सगळं बोलतो.

"हे घे," त्याने गुंडाळी पुढे केली. वरून जाड कॅनव्हास, आतून करडी घोंगडी, पोटाखाली दोन बंद. हाताने शिवलेलं, सरळ आणि घट्ट. माप बघायला मी ते नेव्हिलच्या पाठीवर टाकलं. बरोब्बर बसलं.

"तू शिवलंस?" मला खरंच वाटेना. "तू तर चोचले म्हणालास!"

क्लॅरी खाली वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधायला लागला. "मी वीस-एकवीसचा असेन, मास्तर. डोंगरापलीकडे एका कुरणावर सहाशे मेंढ्या भादरल्या आम्ही. मालक म्हणाला, उघड्यावर सोडा, आभाळ निरभ्र आहे. दुसऱ्या दिवशी वारा फिरला. गार पाऊस. अंगावर लोकर नाही, काही नाही. कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटून उभ्या होत्या. एकही ओरडत नव्हती. त्या उभ्या राहून थरथरत होत्या, तशीच, हुबेहूब तशीच थरथर..." त्याने नेव्हिलकडे बोट केलं. "दोनशेच्या वर गेल्या. मी भादरलेल्या त्यात किती होत्या कुणास ठाऊक. फाटकावरून रोज याला बघतो आणि मला जेवण जात नाही. म्हणून शिवला. बस, आता क्लबात जाऊन सांगू नकोस."

"आत ये, चहा घे."

"नको. मिज मोटार घेऊन जाईल," असं म्हणून तो गेला.

शनिवारी सकाळी कडक दंव पडलं होतं. ग्लेनिस बेरिलबाईंना घेऊन दहाच्या सुमारास तळ्यावर येणार होती, मी आणि नेव्हिल आधी पुढे गेलो. काय सांगू तुम्हाला! तो कोट घातल्यावर नेव्हिल चालला. नुसता चालला नाही, ऐटीत चालला. मी मागे धावत होतो. लोक वळून बघत होते आणि पहिल्यांदाच मला त्यांनी बघावंसं वाटत होतं.

तळ्याच्या कठड्याशी नगरपालिकेच्या प्राणी अधिकाऱ्याने हात वर केला. केरिन डॅलिमोर, माझीच एके काळची विद्यार्थिनी.

"गुड मॉर्निंग, सर. कुत्र्याचा बिल्ला दिसत नाहीये."

"गळपट्ट्याला आहे. कोटाखाली."

"दर्शनी हवा, सर. नियम आहे."

"केरिन, तू मला ओळखतेस."

"ओळखते ना. नकाशावर उत्तर दिशा दाखवली नाही म्हणून तुम्ही माझा अर्धा मार्क कापला होता. मी रडले होते. नियम म्हणजे नियम, म्हणालात."

असं मी म्हणालो असणार. मी बऱ्याचदा म्हणतो. मुकाट्याने बंद सोडायला बसलो. क्लॅरीने दिलेली गाठ लोकरीच्या गठ्ठ्यांना मारतात ती होती, सुटू नये म्हणूनच शोधलेली. पाच मिनिटांनी सुटली. कोट कठड्यावर टाकून मी बिल्ला दाखवला. केरिन नंबर लिहीत होती तोच वाऱ्याची झुळूक आली आणि कोट सरकून तळ्यात पडला. काठावर एक काळा हंस होता. तो पोहत आला, कोटावर चढला आणि माझ्याकडे मान लांब करून फिसकारला.

नेव्हिल कुडकुडायला लागला.

आणि नेमक्या याच क्षणी वळणावरून ग्लेनिसचा आवाज आला, "...नाही हो बेरिल, फार जपतो तो कुत्र्याला!"

बेरिल ऑस्ट्रँडर यांना काय दिसलं असेल याची कल्पना करा. उघडा, थरथरणारा कुत्रा. शेजारी जाड जाकीट घातलेला इसम. आणि त्याचं नाव वहीत लिहून घेणारी अधिकारी.

मी विचार केला नाही. जाकीट काढलं, नेव्हिलचे पुढचे पाय बाह्यांत घातले आणि पाठीवर जाकिटाची चेन ओढली. मान उघडी राहिली म्हणून मफलर गुंडाळला. तरी थरथर थांबेना, तेव्हा स्वेटरही काढून मागच्या बाजूला बांधला. उरलं ते माझं ऊबदार आतलं बनियन, फिकट गुलाबी, धुण्यात रंग लागलेलं. एव्हाना दहा-बारा माणसं जमली होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी माझं क्लबातलं भाषण ऐकलेलं.

बेरिलबाई उंच, शांत, हातात अर्ज. "मिस्टर ट्रेलोर, कुत्र्यांच्या कोटाबद्दलचं तुमचं मत आमच्या गावापर्यंत पोचलंय. आमचं गाव साठ मैलांवर आहे. आज तुमचं काय म्हणणं?"

दात वाजत असताना तात्त्विक भूमिका मांडणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं.

"मी चुकलो," मी म्हणालो. "सगळ्यांचं मला माहीत नाही. पण याला लागतो. याला थंडी वाजते. मी त्याला नीट बघितलं नव्हतं, नुसतं बोललो होतो. कोट आहे त्याला. चांगला आहे. सध्या त्यावर हंस बसलाय." मग मी म्हणालो, "बाई, याला नेऊ नका."

कुणीच हसलं नाही. मला वाटतं हसले असते तर बरं झालं असतं.

पाण्यात छपछप आवाज झाला. केरिन बुटांसकट गुडघाभर पाण्यात उतरून हंसाच्या पायाखालून कोट ओढत होती. "हे माझ्या कामात येत नाही, सर," ती ओरडली. "आणि या हंसाला तर बिल्लाही नाहीये!"

बेरिलबाईंनी ओला कोट उलटापालटा करून पाहिला. टाक्यांवरून बोट फिरवलं. "कुणी शिवला?"

"सांगू नकोस म्हणालाय," मी म्हणालो.

त्यांनी कलम चौदापुढे खूण केली, मग शेवटचं पान उलटलं. "मालकाचं नाव काय लिहू?" त्यांनी ग्लेनिसला विचारलं.

"अल्विन ट्रेलोर," ग्लेनिस म्हणाली. "मी नुसती आणायला गेले होते."

मी सही केली. अक्षर हललं, ते थंडीमुळे. डोळ्यांतून पाणी आलं तेही थंडीमुळेच. भूगोलाच्या माणसाने सांगितल्यावर यावर शंका घेऊ नये.

आम्ही परत निघालो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मुख्य रस्त्यावर पोचलो आणि नेव्हिल अचानक थांबला. जीभ बाहेर काढून धापा टाकायला लागला. उकडत होतं त्याला. बेकरीसमोर गुडघ्यावर बसून मी त्याचा स्वेटर, मफलर, जाकीट एकेक उतरवलं. ते परत घालावं म्हटलं तर सगळ्याला नेव्हिलचे केस चिकटलेले. त्याच्या अंगावर इतके केस होते याची मला कल्पनाच नव्हती.

म्हणून मग गावातून आमची मिरवणूक निघाली. पुढे नागवे, ताठ मानेचे नेव्हिलसाहेब, आणि मागे गुलाबी बनियनमध्ये, हातावर सगळे कपडे टाकून चालणारा मी.